सहा फिल्मांची खोली

उखानानांबद्दल मी एकदा लिहिलं होतं. एक पानभर. लोक म्हणाले, छान लिहिलंय. वाचनालयात येणाऱ्या दोन बायकांनी डोळे पुसले. पण ते सगळं चुकीचं होतं. चूक मला नानांनीच सांगितली, आणि सांगितली तेव्हा ते पान माझ्यामागे भिंतीवर चिकटवलेलं होतं. म्हणून पुन्हा लिहिते आहे.

नाना आमच्या गल्लीत राहतात. सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या या घरांची रुंदी बारा फूट, लांबी चाळीस फूट. दोन घरांत एकच भिंत. पुढची खोली गल्लीवर उघडते. मागे मोरी. मधल्या खोलीला डावीकडे शेजारी, उजवीकडे शेजारी आणि वर मुलाने चढवलेला मजला. तिला खिडकी काढायला जागाच उरत नाही. सकाळी दहा वाजता तिथे ट्यूब लावावी लागते.

नानांच्या घरी मधल्या खोलीत नानी बसतात. नानी म्हणजे उषाबाई, नानांची बायको, राहुलची आई. साडीला खडे चिकटवायचं काम त्या घरी आणतात. पुढच्या खोलीत बसून हे काम होत नाही. गल्लीतली धूळ उडून डिंकावर बसते आणि साडी परत येते. त्यामुळे नानी मधल्या खोलीत, ट्यूबखाली, भिंतीला पाठ लावून. सव्वीस वर्षं.

लग्नानंतर अमळनेरकडच्या गावाहून नानींना सुरतेला आणलं तेव्हा नानांनी दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. घर स्वतःचं असेल आणि घराला खिडकी असेल. पहिली झाली.

नाना सतरा वर्षांचे असताना शेजारच्या उधन्याला साड्या छापायच्या टेबलावर लागले. पुढे एका सुरती कारागिराने त्यांचा हात बघितला आणि त्यांना ट्रेसिंगला बसवलं. हे काम आता जवळजवळ संपलं आहे, म्हणून सांगते. साडीवर जे फूल छापायचं, ते आधी पारदर्शक फिल्मवर हाताने काढायचं. फुलात चार रंग असतील तर चार फिल्म. प्रत्येक फिल्मवर एकाच रंगाचा भाग. फिल्मच्या कोपऱ्यांत बारीक क्रॉस मारायचे, म्हणजे चारही एकावर एक बरोबर बसतात. नानांनी अशी फुलं बावीस वर्षं काढली. मग कंप्युटर आले. नानांना कलर किचनमध्ये पाठवलं, म्हणजे मिलमध्ये रंग वजन करून कालवतात तिथे. अजून तिथेच आहेत.

फुलं काढायचे त्या काळापासून नाना घरी खोल्या काढत होते. मिलमधल्या उरलेल्या फिल्मवर, मिलमधल्याच शाईने. मधली खोली, मांडणी, गोधड्यांचा ढीग, भिंतीला टेकून बसलेली बाई आणि खिडकी. प्रत्येक चित्रात खिडकी. कधी डाव्या भिंतीत, कधी उजव्या. कधी तिच्यातून कडुनिंबाची फांदी दिसते, कधी काहीच दिसत नाही. पत्र्याच्या पेटीत साठेक फिल्म होत्या. सगळ्या काळ्या शाईच्या.

मी एम.ए. झाले, मराठी साहित्य घेऊन. नोकरी मिळाली नव्हती. दुपारी नानींजवळ बसून खडे निवडायची. एकदा मांडणीच्या फळीवर कागदाऐवजी अंथरलेली एक जुनी फिल्म मला दिसली. तिच्यावर डाळीचे डबे ठेवले होते.

“नानी, हे काय आहे?”

“तुन्हा नानानं काळं शे,” नानी त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. “तेलाचा डाग लागत नही त्याले. चांगलं शे.”

मी डबे उचलून बघितलं. एक भरीव काळा चौकोन होता आणि त्यातून निसटून जमिनीवर पडलेला एक तिरका काळा पट्टा. मला ती अंधाराची खिडकी वाटली. संध्याकाळी नाना आले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, “हो, ती हिनं फळीच्या मापाने कापून टाकली. मी मिलमध्ये बसून दुसरी काढली.” रागाचं नाव नाही. मग त्यांनी पेटी उघडून दाखवली.

त्या दिवशी मला जे वाटलं ते मी महिन्याभराने लिहिलं. उधन्याच्या एका मराठी वाचनालयाला आपल्या माणसांच्या कलेचं प्रदर्शन भरवायचं होतं. मी नानांचं नाव सुचवलं. नाना म्हणाले, “घेऊन जा की. नंबर बघून ने, म्हणजे झालं.” एका पाकिटात सहा फिल्म होत्या. कोपऱ्यात एक ते सहा नंबर घातलेले. मी त्या सहा नेल्या आणि हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर दोन-दोन फुटांवर लावल्या. खाली चिठ्ठ्या लावल्या. खोली एक, खोली दोन, अशा सहा. शेजारी माझं पान. त्यातली दोन वाक्यं अजून पाठ आहेत. ‘या चित्रकाराच्या खोल्यांना खिडकी आहे, पण तिच्यातून उजेड नव्हे, अंधार आत येतो. शेवटच्या खोलीत तर फक्त अंधारच उरतो.’

नाना रविवारी सकाळी आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. नानी आल्या नव्हत्या. “मी रोज तेच देखस,” म्हणाल्या होत्या.

नाना पहिल्या फिल्मपासून सहाव्यापर्यंत चालत गेले. परत पहिलीकडे आले. मग मला म्हणाले, “वृषाली, या सहा खोल्या कोणाच्या आहेत?”

“तुमच्या, नाना.”

“मी तर एकच दिली होती तुला.”

मला कळलं नाही. त्यांनी बोट दाखवलं. “ही रेघांची. ही भिंतीच्या सावलीची. ही नीळ, चुन्यात टाकतो ती. ही विटकरी, फरशी आणि गोधडी. ही हिरवी, तिचं लुगडं.” ते सहावीसमोर थांबले. “आणि हिच्यात तुला काय दिसतं?”

“काळी खिडकी,” मी म्हणाले. “अंधार.”

नानांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

“पिवळी आहे ती,” ते म्हणाले. “ऊन आहे.”

मग त्यांनी मला समजावलं. लहान मुलाला सांगावं तसं नाही, नव्या कारागिराला सांगावं तसं. फिल्मवरून स्क्रीन बनते, म्हणजे कापडावर ठेवायची जाळीची चौकट. फिल्मवर जिथे काळं, तिथे स्क्रीनमधून कापडावर रंग जातो. जितकं काळं भरीव, तितका रंग भरून. काळा हा रंगच नाही तिथे. सगळ्याच फिल्म काळ्या असतात, गुलाबाच्याही. सहावी फिल्म सगळ्यात काळी होती, कारण त्या खोलीत सगळ्यात जास्त ऊन होतं.

मी पुन्हा सहावीकडे बघितलं.

“म्हणजे तुला रंग दिसलेच नाहीत?” नाना म्हणाले. ते मला दोष देत नव्हते. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटत होतं.

“नाही, नाना.”

“एकही?”

“कोणालाच दिसणार नाहीत. काळ्या शाईने काढलंय सगळं.”

आयुष्यभर ते ट्रेसिंगवाल्यांत बसले होते. तिथे कोणीही फिल्म उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, हा गुलाबी जरा कमी कर. त्यांना वाटलं होतं, सगळ्यांना दिसतं.

“तिला पण नाही दिसलं?” त्यांनी विचारलं.

नानींबद्दल विचारत होते.

नाना माझं पान वाचायला लागले. मला ते फाडून टाकावंसं वाटत होतं. त्यांनी ओळ न ओळ वाचली. “चांगलं लिहिलंयस,” ते म्हणाले. “पण दुसऱ्या कोणाच्या तरी घराबद्दल लिहिलंयस.”

दुपारी आम्ही दोघं घरी आलो तेव्हा नानी ट्यूबखाली बसल्या होत्या. नाना चप्पल न काढता मधल्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“राहुलनी माय, त्या पेटीमा काय शे असं वाटस तुले?”

नानींनी मान वर केली नाही. खडा चिमट्यात होता. तो चिकटवून झाल्यावर त्या म्हणाल्या, “घर शे. काळं करी ठेवेल शे.”

“आणि कसाले काढं असेल मी?”

“मले काय माहीत.” नानींनी दुसरा खडा उचलला. “मले वाटे, तुमले या घरमा करमतच नही. सांगता येत नही म्हणून काढतस. म्हणून मी बी कधी विचारं नही.”

नाना खाली बसले. नानींना काय सांगणार? ऊन होतं म्हणून? शब्दाने सांगितलं तर ते समजूत घातल्यासारखं होणार, हे त्यांनाही कळत असावं.

मी म्हणाले, “नाना, फिल्म स्कॅन करून कंप्युटरवर रंग भरता येतील. एका दिवसाचं काम.”

“कंप्युटरवर सगळंच चमकतं,” नाना म्हणाले. “डबासुद्धा. हिला खरं वाटणार नाही. कापडावर मारून दाखवायला पाहिजे.”

कापडावर हाताने छापायची टेबलं उधन्याला आता फार थोडी उरली आहेत. नानांच्या ओळखीत एकच शेड होती, पोपट मास्तरांची. दोघं एकाच वर्षी टेबलावर लागले होते. दुसऱ्या दिवशी मी फिल्म वाचनालयातून उतरवून आणल्या आणि संध्याकाळी आम्ही गेलो. शेडमध्ये सहा लांब टेबलं होती आणि त्यांतल्या दोनांवर खडूने फुल्या मारलेल्या होत्या.

“पुढच्या बुधवारी कापायला येणार,” पोपट मास्तर म्हणाले. “सगळी. इथे डिजिटल मशीन बसतंय. बोल, काय काम?”

नानांनी पाकीट पुढे केलं. पोपट मास्तरांनी पहिली फिल्म ट्यूबकडे धरली. मग दुसरी. सगळ्या बघून झाल्यावर म्हणाले, “हा पिवळा फार घेतला तू.”

नानांनी माझ्याकडे बघितलं. बघ, म्हणजे दिसतं की, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“एका खोलीसाठी सहा स्क्रीन,” पोपट मास्तर म्हणाले. “डोकं ठिकाणावर आहे ना, उखा? इतका खटाटोप तर लोक लग्नाच्या साडीला करत नाहीत.”

“मारशील का?”

“रविवारी ये. टेबल रिकामं असतं. पण रविवारच. नंतर तू टेबल घेऊन आलास तरच.”

त्या आठवड्यात पोपट मास्तरांनी स्क्रीन बनवल्या आणि नानांनी रंग कालवले. मिलमधून सुटल्यावर, किचनच्या मास्तरांना विचारून. नीळ त्यांना तीनदा फेकून पुन्हा कालवावी लागली. दरवेळी ते घरी येऊन मधल्या खोलीची भिंत बघायचे, बोटाने खरवडायचे आणि परत जायचे. नानी ते बघत होत्या. शनिवारी त्यांनी मला विचारलं, “काय चाली ऱ्हायनं यांचं?”

“उद्या शेडवर छापणार आहेत. तुम्हाला यायचंय, नानी.”

“काळं देखाले उधन्याले जाऊ? घरमा कमी शे का?”

मी बरंच सांगितलं. फिल्म, स्क्रीन, रंग, सगळं. माझ्या तोंडून ते पुस्तकातलं वाटत होतं. नानी साडीची घडी घालत राहिल्या. रविवारची रिक्षा ठरवली होती दोघांसाठीच, नाना आणि मी. नाना स्वतः एवढंच म्हणाले की बुधवारी टेबलं कापतात.

रिक्षा आली तेव्हा नानी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. “ज्या टेबलवर आपलं घर चालनं,” त्या म्हणाल्या, “ते कापाना आधी देखी येस.” आणि त्या आत सरकून बसल्या.

शेडमध्ये रविवारी शांत असतं. पत्र्यातून उन्हाचे ठिपके जमिनीवर पडले होते. पोपट मास्तरांनी टेबलभर पांढरं कापड ताणून चिकटवलं होतं. त्यांचे दोन जुने छपाईवाले आले होते, एक स्क्रीनच्या या बाजूला, एक त्या. नानींना त्यांनी पत्र्याची खुर्ची दिली. नानी बसल्या नाहीत.

पहिली स्क्रीन ठेवली. रंग ओतला, रबरी पट्टी एकाने ओढली, दुसऱ्याने परत ढकलली. स्क्रीन उचलली. कापडावर बारीक तपकिरी रेघा उमटल्या. खोली. नाना म्हणाले, “बस.” पण छपाईवाले थांबले नाहीत. त्यांनी स्क्रीन टेबलाच्या कडेवरच्या पुढच्या ठोकळ्याला टेकवली आणि दुसरी खोली मारली. मग तिसरी. टेबलावर कापड आहे तोवर स्क्रीन चालवायची, ही त्यांच्या हाताची सवय. एकच छापून थांबणं त्यांना माहीत नव्हतं.

“अरे, एकच पाहिजे,” नाना म्हणाले.

“टेबल रिकामं सोडू का?” पोपट मास्तर म्हणाले. “शेवटच्या दिवशी?”

टेबलाच्या टोकापर्यंत बारा खोल्या झाल्या. तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. एका खोलीची उजवी भिंत दुसऱ्या खोलीची डावी भिंत होत होती. कुठेही फट नाही, सांधा नाही. नानांनी चारही कडा जुळवून काढल्या होत्या, साडीचं फूल काढतात तसं. मी त्यांना विचारलं, हे मुद्दाम केलं का? ते म्हणाले, “दुसरं कसं काढतात?”

सावली झाली. नीळ झाली. नानी एक पाऊल पुढे आल्या. विटकरी रंग पडला आणि गोधड्या दिसायला लागल्या. हिरवा पडला आणि बाईच्या अंगावर लुगडं आलं. नानी आता टेबलाला टेकून होत्या. खिडकीच्या जागी अजून नुसतं पांढरं कापड होतं.

“पिवळा आधी मारतात, उखा,” पोपट मास्तर म्हणाले.

“यात शेवटी.”

सहावी स्क्रीन ठेवली. पट्टी गेली, परत आली. स्क्रीन उचलली.

पिवळा चुकीच्या जागी पडला होता. चांगला दोन बोटं उजवीकडे. खिडकीची डावी बाजू पांढरी राहिली होती आणि ऊन चौकट ओलांडून भिंतीवर, भिंतीवरून खाली बाईच्या खांद्यावर आणि मांडीवरच्या हातांवर सांडलं होतं. हिरव्यावर पिवळा चढून लुगडं तेवढ्यापुरतं कोवळं दिसत होतं.

“आऊट गेलं,” पोपट मास्तर म्हणाले.

नानांनी सहावी फिल्म उचलून दुसऱ्यांवर धरली. क्रॉस जुळत नव्हते. “ही मी मिलमध्ये काढली,” ते हळू म्हणाले. “पहिली कापली गेली ती. बाकीच्या पाच घरी होत्या. क्रॉस अंदाजाने मारले.” ते माझ्याशी बोलत नव्हते. चाळीस वर्षं काम केलेल्या कारागिराने क्रॉस अंदाजाने मारले, हे ते स्वतःला सांगत होते.

“होतं रे,” पोपट मास्तर म्हणाले. ठोकळे सैल करून त्यांनी ते दोन बोटं सरकवले, घट्ट केले. “पहिली फेकून देऊ. अकरा आहेत अजून.”

दुसरी खोली बरोबर आली. तिसरीही. चौकटीच्या आत चौकटीएवढं ऊन, फरशीवर त्याचा तिरका पट्टा. एकामागून एक खिडक्या उघडत गेल्या. टोकापर्यंत जाऊन छपाईवाल्यांनी स्क्रीन भिंतीला लावून ठेवली आणि हात पुसले.

नानी टेबलाच्या कडेने चालत गेल्या. सावकाश. प्रत्येक खोलीशी थांबल्या. नाना जागचे हलले नाहीत. नानी टोकाला पोचल्या, वळल्या आणि परत आल्या.

“इतल्या बायासले खिडकी दिधी,” त्या म्हणाल्या. “मन्ही कोनती?”

“सगळ्या तुझ्याच,” नाना म्हणाले.

“सगळ्या लई काय करू? मन्ही एक सांगा.”

नानांनी दुसरीवर बोट ठेवलं. सगळ्यात साफ आलेली तीच होती. नानींनी ती बघितली. मग पहिल्या खोलीजवळ गेल्या आणि उभ्या राहिल्या.

“ती बिघडेल शे,” नाना म्हणाले. “ऊन बाहेर गेलंय.”

“बाहेर कुठे?” नानी म्हणाल्या. “हातवर शे.”

त्यांनी आपले हात टेबलावर ठेवले, कापडाच्या बाहेर, रंग ओला होता म्हणून. बोटांच्या टोकांना डिंकाचे पापुद्रे होते. “खिडकीमा राहीसन काय करस ते,” त्या म्हणाल्या. “मले खडे दिसाले पाहिजेत.”

पोपट मास्तर हसले. “उखा, तुझ्यापेक्षा तुझ्या बायकोला ट्रेसिंगला बसवायला पाहिजे होतं.”

नाना हसले नाहीत. त्यांनी कात्री घेतली आणि पहिली खोली कापली. कडेवर कात्री चालवताना त्यांनी नेहमीप्रमाणे बरोबर रेघेवर चालवली.

बुधवारी टेबलं कापली. उरलेल्या अकरा खोल्या पोपट मास्तरांनी छपाईवाल्यांना आणि गल्लीत वाटायला दिल्या. आमच्याकडेही एक आहे. मधल्या खोलीत.

वाचनालयातलं माझं पान मी फिल्म उतरवल्या त्याच सोमवारी काढलं होतं. छपाई झाल्यावर सहा फिल्म परत नेल्या आणि एकावर एक ठेवून एकाच खिळ्याला लावल्या. खाली लिहिलं, ‘खोली. एकूण फिल्म सहा.’ ते बघून कोणी रडलं नाही. दोन ट्रेसिंगवाले मात्र बराच वेळ उभे होते.

पेटीत अजून नऊ खोल्या आहेत. त्या छापायला आता टेबल नाही. सुटीच्या दिवशी दुपारी नाना नानींसमोर बसतात आणि एकेक फिल्म ट्यूबकडे धरून रंग सांगतात. नानी खडे चिकटवत ऐकतात. मध्येच अडवतात.

“हा निळा,” नाना म्हणतात. “तुझ्या लुगड्याचा.”

“त्या साली मन्हाकडे निळं नव्हतं. जांभळं व्हतं.”

“निळंच होतं.”

“नेसनारी मी का तुम्ही?”

नाना कोपऱ्यात नंबराशेजारी ‘जांभळा’ लिहितात. मग पुढची काढतात. शेवटची, खिडकीची फिल्म हातात घेतली की नानींचा चिमटा थांबतो. त्या हात पुढे करतात.

“द्या इकडे,” म्हणतात. “ही मी सांगस.”